चराचरात देव, मग दिशा कशाला?

देव चराचरात भरून आहे असं मनापासून मानणारा माणूस सकाळच्या संध्येला पूर्वेकडे तोंड करून का बसतो? ईश्वर कुठल्याही एका घरात मावत नाही अशी ज्याची ठाम श्रद्धा, तो मुसलमान दिवसातून पाच वेळा मक्केची दिशा का शोधतो? जुन्या काळचे ख्रिस्ती प्रार्थनेसाठी पूर्वेला का वळत? प्रश्न पोरकट वाटतो, पण तो टाळला तर श्रद्धेचं मोठं नुकसान होतं, कारण मग दोन सोपी उत्तरं आपोआप पुढे येतात आणि दोन्ही चुकीची असतात. एक उत्तर असं, की देव खरोखरच त्या दिशेला अधिक आहे, आणि म्हणून बाकीच्या दिशांना तोंड करणारे चुकलेले आहेत. दुसरं असं, की देव सगळीकडे सारखाच असेल तर दिशा, देऊळ, वेळ, आसन हा सारा पसारा व्यर्थ आहे. पहिल्या उत्तरातून भांडणं निघतात, दुसऱ्यातून आळस. या दोहोंच्या मधली वाट एका अगदी ऐहिक वस्तूचा नीट विचार केला की दिसू लागते, असं माझं म्हणणं आहे. ती वस्तू म्हणजे घराच्या छपरावर टीव्हीसाठी उभारलेला अँटेना. गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या कोरगावसारख्या गावात, प्रक्षेपण केंद्रापासून दूर, तो नीट रोखणं ही एका पिढीची घरोघरची विद्या होती. या विद्येतून जो सिद्धांत निघतो तो असा: उपासनेतली दिशा देवाचा ठावठिकाणा सांगत नाही, ती घेणाऱ्याची मर्यादा सांगते, आणि तिचं निम्मं काम कशाकडे पाठ करायची हे ठरवण्याचं असतं.

पेच जुनाच आहे. वारकऱ्यांना नामदेवांची आणि विसोबा खेचरांची कथा तोंडपाठ असते. औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकलं तेव्हा ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव जिथे पाय ठेवत तिथे पिंड उभी राही. बोध सरळ आहे: देवावाचून रिकामी जागा नाही. मात्र या बोधानंतर नामदेवांनी काय केलं हे या कथेला जोडून फारसं कोणी सांगत नाही. त्यांनी पंढरीशी नातं तोडलं नाही. परंपरा सांगते की ते पंजाबात घुमानपर्यंत गेले, तिथे राहिले. तरी वारकरी ज्या जागी त्यांची समाधी मानतात ती विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराची पायरी आहे. देव सगळीकडे आहे हे ज्याला कळलं, त्याने कायमची जागा घेतली ती एकाच दाराशी. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातही असेच दोन धागे एकत्र विणलेले आहेत. पूर्व आणि पश्चिम दोन्ही ईश्वराच्याच, जिकडे वळाल तिकडे तोच, असा आशय एका आयतीत आहे. पुढे त्याच अध्यायात प्रार्थनेची दिशा बदलून मक्केच्या पवित्र मशिदीकडे करण्याची आज्ञा आहे. आणि आणखी थोडं पुढे, तोंड पूर्वेला केलं की पश्चिमेला यात पुण्य नाही अशी जाणीवही करून दिली आहे. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायातल्या पहिल्या पादाचं अकरावं सूत्र याच प्रश्नाचं आहे, आणि त्यावर शंकराचार्यांचा निर्वाळा असा, की उपासनेला दिशा, देश, काळ यांचा ठरीव नियम नाही. चित्त जिथे सहज एकाग्र होईल ती जागा योग्य. या सगळ्या परंपरांना देवाचं सर्वव्यापित्व पक्कं ठाऊक होतं. तरीही त्यांनी दिशा टाकून दिली नाही. हे त्यांचं अडाणीपण मानायचं, की त्यामागे काही कारण होतं?

आता कोरगावच्या छपरावर जाऊ. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखातलं हे गाव. सभोवार जांभ्या दगडाचे सडे, मधल्या सखल भागात भातशेती आणि माड. जिथून प्रक्षेपण होई ती पणजी इथून दक्षिणेला, हवाई अंतराने पंचवीस-तीस किलोमीटरांवर. मधे शापोरा नदी, बार्देसच्या टेकड्या आणि मांडवी. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून उंचीला फार महत्त्व. सपाट भूमी धरली तर १० मीटर उंचीवरच्या अँटेन्याचं रेडिओ-क्षितिज साधारण १३ किलोमीटरांवर असतं, २० मीटरवर ते १८ किलोमीटरांपर्यंत जातं. बाकीचं अंतर समोरच्या मनोऱ्याच्या उंचीने भरून निघायला हवं. दूरदर्शनच्या काळात म्हणूनच लोखंडी पाइपावर पाइप जोडून, तारांचे ताण देऊन, अँटेना माडांच्या झावळ्यांच्या वर नेला जाई. मग खरं काम सुरू होई. एक जण कौलांवर, पाइप दोन्ही हातांनी धरून. एक जण अंगणात किंवा खिडकीशी. एक जण आत टीव्हीसमोर. वरचा पाइप बोटभर फिरवी, आतला ओरडे, अंगणातला ते वर पोचवी: आलं, गेलं, थोडं मागे, बस्स. पडद्यावरच्या मुंग्या कमी होत होत त्यांतून माणसाचा चेहरा वर येई. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी रामायण सुरू झालं, तेव्हा देशात कित्येक घरांत टीव्हीला हार घालून उदबत्ती लावली जाई. त्या काळात छपरावरची ही धडपड म्हणजे पूजेच्या तयारीतलाच एक भाग झाली होती.

या धडपडीत दिशेने नेमकं काय साधतं? मुळात साधी धातूची दांडीसुद्धा लहर पकडते. जपानमध्ये १९२६ साली शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी जी रचना मांडली आणि जी पुढे जगभर छपरांवर गेली, तिच्यात एका आडव्या नळीवर अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या ओळीने बसवलेल्या असतात. त्यांतल्या एकाच दांडीला, त्या दुहेरी वळवलेल्या लांबट कड्याला, वायर जोडलेली असते. मागची दांडी किंचित लांब, पुढच्या किंचित आखूड, आणि त्या सगळ्या वायरीशी काहीच संबंध नसलेल्या. त्या स्वतः टीव्हीकडे एक कणही पाठवत नाहीत. त्या फक्त लहरीला आकार देतात: मागून येणाऱ्याचा जोर मोडतात, पुढून येणाऱ्याला मधल्या कड्याकडे वळवतात. या अँटेन्याला वीज लागत नाही, तो लहरीत कसलीच भर घालत नाही. समोरून जे अधिक मिळतं, त्याची किंमत त्याने बाजूंनी आणि मागून येणारं सोडून मोजलेली असते. उपासनेतल्या बहुतेक नियमांचं स्थान मला या न जोडलेल्या दांड्यांसारखं वाटतं. आसनातून काही वाहत नाही, मुहूर्तातून काही वाहत नाही, पूर्व दिशेतूनही नाही. पण त्या असतात म्हणून मधल्या कड्याला, म्हणजे चित्ताला, एक बाजू मिळते. त्या काढून टाकल्या तरी चित्त घेणारच, पण सगळीकडून थोडं थोडं, आणि दूरच्या गावात तेवढं पुरत नाही.

इथे चिकित्सक वाचक पहिला आणि सर्वांत भारी आक्षेप घेईल. तो म्हणेल, मनोऱ्याला जागा आहे, देवाला नाही. लहर दक्षिणेकडून येते म्हणून दक्षिणेला तोंड करण्यात फायदा. ती सगळ्या बाजूंनी सारखी आली असती तर तुमचा यागी अँटेना आणि साधी दांडी यांत फरक पडला नसता. हा आक्षेप भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे, आणि तो मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पण पडद्यावर चित्र कसं दिसेल हे एकट्या लहरीच्या जोरावर ठरत नाही. लहर आणि खरखर यांच्या प्रमाणावर ते ठरतं. खरखर मात्र सगळीकडून सारखी येत नसते. रस्त्यावरून स्कूटर गेली की तिच्या ठिणगीने पडद्यावर पट्टे उमटत. कुठे वेल्डिंग चालू असलं, विजेच्या खांबावर सैल जोड असला, की त्या बाजूने मुंग्यांचा लोंढा येई. अनुभवी माणूस अँटेना फिरवताना मनोऱ्याकडे तोंड करी तसाच या उपद्रवाकडे पाठही करी. कधी तर मनोऱ्याची दिशा थोडी चुकवून, उपद्रव बरोबर मागे पडेल असा कोन धरला की चित्र अधिक स्वच्छ येई. म्हणजे लहर चारी बाजूंनी अगदी समसमान आली असती, तरी दिशेला अर्थ उरलाच असता. खरखर एका बाजूची आहे, एवढं त्याला पुरे. देव सर्वत्र सम आहे हे मान्य. पण माणसाच्या मनातला गोंगाट सर्वत्र सम नाही. बाजार एका बाजूला असतो, वैर एका बाजूला, धास्ती एका बाजूला. उपासनेसाठी वळणं म्हणजे या कशाकडे तरी थोडा वेळ पाठ करणं. पूर्वेला देव जास्त नसतो, पण पूर्वेला वळलेल्या माणसाच्या मागे काहीतरी पडलेलं असतं, आणि ते मागे पडणं हीच त्या वळण्याची कमाई.

याला जोडून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सखल भागातल्या घराला मनोरा डोंगराआड असतो, आणि त्या घराला सर्वांत चांगलं चित्र कित्येकदा समोरच्या डोंगराच्या अंगावरून परतून आलेल्या लहरीतून मिळतं. अशा घराचा अँटेना पणजीकडे न बघता भलत्याच टेकडीकडे बघत असतो आणि तरी तो बरोबर असतो. सरळ आणि परतलेली, दोन्ही लहरी एकदम आल्या की चित्रातल्या माणसाशेजारी त्याचीच फिकट सावली उमटते: ३०० मीटरांचा वळसा घेतलेली लहर एक मायक्रोसेकंद उशिरा पोचते आणि तेवढ्याने वीस इंची पडद्यावर सावली पाऊण-एक सेंटिमीटर सरकते. तेव्हा या दोहोंपैकी एक निवडावी लागते, आणि निवड घराच्या जागेवरून ठरते. दिशा ‘मनोरा तिथे आहे’ असं म्हणत नाही. ‘माझ्यापर्यंत इथून येतं’ एवढंच ती म्हणते. मूर्तिपूजेवर होणाऱ्या टीकेला हे उत्तर म्हणून पुरेसं आहे असं मी मानतो. दगडात देव कोंडलेला आहे असा दावा करण्याची भाविकाला गरज नाही. त्याच्या घरापर्यंत जे पोचतं ते या उतारावरून पोचतं, एवढं तो सांगू शकतो.

दुसरा आक्षेप भक्तांकडूनच येतो. कृपा ही देवाची मर्जी. ती माणसाच्या खटपटीने मिळते असं मानणं हा अहंकार नव्हे काय? श्रीवैष्णवांमध्ये या प्रश्नावरून दोन पंथ उभे राहिले. पिळ्ळै लोकाचार्यांच्या मागे जाणारे तेंकलै कृपेला कुठलंही निमित्त लागत नाही असं मानतात. वेदान्त देशिकांना मानणारे वडकलै म्हणतात की भक्ताकडून निदान काही निमित्त घडावं लागतं. अँटेन्याचं उदाहरण दोघांनाही थोडं थोडं पटावं. अँटेना फिरवणारा लहर निर्माण करत नाही, वाढवत नाही, विकतही घेत नाही. त्याने मोबदला दिला असं कोणी म्हणू शकणार नाही. तरी तो फिरवला नाही तर चित्र येत नाही. प्रयत्नाने मिळकतीवर हक्क सांगता येत नाही आणि प्रयत्नावाचून मिळतही नाही, अशी स्थिती व्यवहारात असू शकते, याचा हा रोजचा पुरावा आहे. निमित्तावाचून मिळण्याची उदाहरणंही याच शास्त्रात आहेत. उन्हाळ्यात समुद्रावर गार हवेच्या वर उष्ण हवेचा थर बसला की लहरी त्याखालून, पन्हळीतून गेल्यासारख्या, क्षितिजापलीकडे जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईतल्या २०० मेगाहर्ट्‌झच्या रडारला हजाराहून अधिक मैलांवरचा अरबस्तानचा किनारा असाच दिसला होता. कोणाच्या कौशल्याने ते घडलं नाही, आणि उद्या पुन्हा घडेल अशी हमी कोणी देऊ शकलं नसतं. अकारण कृपा ही अशी. पण त्या दिवशीही रडार चालू होतं आणि त्यासमोर कोणीतरी जागं बसलेलं होतं.

छपरावरच्या त्या दृश्यात मला सर्वांत मोलाचं जे वाटतं त्याकडे आता वळतो. पाइप फिरवणाऱ्याला चित्र दिसत नाही. ज्याला चित्र दिसतं त्याच्या हातात पाइप नसतो. वरचा माणूस कितीही कुशल असला तरी आतून येणाऱ्या शब्दावर विश्वास ठेवल्यावाचून त्याला थांबण्याची जागा कळत नाही. आपल्या कित्येक दर्शनांनी प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला आप्ताचा शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानलं, त्याला आधुनिक मन भाबडेपणा समजतं. इथे त्या प्रमाणाची खरी गरज दिसते. साधना करणारा स्वतःच्या साधनेचं फळ बहुधा स्वतः पाहू शकत नाही. आपण सौम्य झालो की तिरसट, हे घरच्यांना दिसतं, शेजाऱ्याला दिसतं, गुरूला दिसतं. म्हणून जो एकटाच छपरावर चढतो आणि खालचा आवाज ऐकायला तयार नसतो, तो दिवसभर पाइप फिरवील किंवा पहिल्याच कोनाला बरोबर म्हणेल. पेडण्या-डिचोलीतल्या देवळांत कौल घेण्याची रीत आहे: देवाला गाऱ्हाणं घालायचं, मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांपैकी कुठल्या बाजूची पडते ते बघायचं. त्या रीतीच्या खरेपणाबद्दल मतभेद असू शकतात. पण तिच्यातलं एक शहाणपण वादातीत आहे. उत्तर स्वतःच्या इच्छेतून काढायचं नाही, ते बाहेरून येऊ द्यायचं, आणि चार माणसांच्या देखत.

दिशा घेणाऱ्याच्या जागेवरून ठरते, हे एकदा कबूल केलं की दिशांवरून होणारी भांडणं निराधार ठरतात. कोरगावचा अँटेना दक्षिणेला बघे, डिचोलीचा नैर्ऋत्येला, काणकोणचा उत्तरेच्या अंगाला, आणि तिन्ही पणजीचंच चित्र घेत. आजच्या डिशचंही तसंच. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतं तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर आहे. गोव्यातून त्याच्याकडे रोखलेली डिश उत्तरेपासून सुमारे १२७ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला वळलेली असते. दिल्लीत तोच कोन सुमारे १४९ अंश होतो. गुवाहाटीत डिश जवळजवळ थेट दक्षिणेला बघते. गोव्याचा कोन बरोबर म्हणून गुवाहाटीत लावला तर काहीच मिळणार नाही. आळंदीहून निघालेली पालखी पंढरीसाठी आग्नेयेला चालते. साखळीच्या विठ्ठलापुरातून कोणी चालत निघाला तर त्याला ईशान्येची वाट धरावी लागते. विटेवरचा एकच आहे. गोव्याच्या इतिहासाने हे फार कठोरपणे शिकवलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पाडलं गेलं, देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावी आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दिवाडीच्या भक्ताची दिशा एका पिढीत बदलली. पायाशी होता तो देव पाण्यापलीकडे गेला. भक्ती टिकली, कारण ती कोनाशी बांधलेली नव्हती. अमेरिकेत मोटारीतच घर करून महिनोन्‌महिने फिरणाऱ्या लोकांना हे अधिक उघड दिसतं. त्यांच्या गाडीच्या छतावर वर-खाली होणारा, फिरवता येणारा अँटेना असतो. रोज नव्या मुक्कामी मनोरे कुठे आहेत ते पाहायचं, पुन्हा रोखायचं, चॅनेल पुन्हा शोधायची. कालच्या मुक्कामाचा बरोबर कोन आज चुकीचा असतो. आयुष्यात मुक्काम बदलतात. बालपणीची प्रार्थना वार्धक्यात जशीच्या तशी लागू पडेलच असं नाही, आणि ती नव्याने रोखण्यात कसली अश्रद्धा नाही.

मग चारी बाजूंनी घेणारे अँटेनाही असतातच की, असं कोणी म्हणेल. फिरत्या घरांच्या छतांवर पुष्कळदा बशीसारखा गोल अँटेना असतो, तो रोखावा लागत नाही. आणि संतांमध्येही देऊळ, तीर्थ, दिशा काही नको म्हणणारे होऊन गेले. मला हे पूर्ण मान्य आहे. पण असा अँटेना मनोऱ्याच्या जवळ, शहरात, चांगला चालतो. दूर, डोंगराआड त्याच्या पडद्यावर काही उमटत नाही. विसोबांना दिशा नको होती, कारण त्यांना कुठेही पाय ठेवला तरी तोच होता. ती त्यांची अवस्था. तिचं अनुकरण फक्त शब्दांनी करता येत नाही. आपण बहुतेक जण दूर राहतो. स्वतःचं अंतर प्रामाणिकपणे ओळखणं आणि त्याप्रमाणे पाइप उंच करणं, यात कमीपणा नाही.

सर्वांत बोचरा आक्षेप शेवटी घेतो. प्रसार भारतीने अ‍ॅनालॉग भूप्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केलं; सामरिक महत्त्वाचे सुमारे पन्नास प्रक्षेपक सोडले तर ३१ मार्च २०२२ ही त्यासाठी जाहीर झालेली मुदत होती. गावातल्या एखाद्या कौलारू घरावर आजही गंजलेला यागी अँटेना उभा दिसतो, कोन अगदी बरोबर, आणि येत काही नाही. नास्तिक विचारील, धर्म हाच गंजलेला अँटेना नव्हे कशावरून? या प्रश्नाला हसून टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. मनोरा बोलतो आहे हे मी या निबंधात सिद्ध केलेलं नाही. सर्वव्यापी देव आणि ठरलेली दिशा यांत विरोध नाही, एवढंच दाखवलं आहे. पण आक्षेपाच्या उदाहरणातच एक उत्तर दडलेलं आहे. प्रक्षेपण थांबलं हे लोकांना कळलं कसं? आत बसलेल्याने ‘गेलं’ म्हटलं म्हणून. आणि ते ऐकून लोकांनी आग्नेयेला डिश लावली. जिथे ‘आलं का?’ हा प्रश्न जिवंत आहे तिथे गंज ओळखता येतो. जी परंपरा हा प्रश्न विचारणाऱ्याला पाखंडी ठरवते, तिच्या छपरावर काय उभं आहे हे तिलाच कधी कळणार नाही. म्हणून दिशा पाळण्याची शिस्त आणि विचारण्याची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दुसरी सुटली की पहिलीला अर्थ राहत नाही.

विचारायचं मात्र नीट. चित्र स्वच्छ आलं एवढ्याने ते खरं ठरत नाही. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून गोव्यासाठी स्वातंत्र्याचं गुप्त नभोवाणी केंद्र चालवलं. त्याच हवेत पणजीहून एमिसोरा द गोवाचा पोर्तुगीज सरकारी आवाजही होता. जंगलातल्या लपवलेल्या यंत्राची ताकद सरकारी केंद्राच्या बरोबरीची असणं शक्य नव्हतं. तरी ज्यांनी खरखरीतून तो बारीक आवाज शोधला त्यांची निवड योग्य होती. मोठा, स्वच्छ, सोयीचा आवाज आणि खरा आवाज एकच असतील असा नियम नाही. धर्मातही नेमकी हीच परीक्षा आहे. जी दिशा आपल्याला फक्त सुखावते, आपल्याच रागाला आणि गर्वाला दुजोरा देते, तिथून येणारं चित्र कितीही सुरेख असलं तरी ते तपासून घ्यावं. आणि जी आपल्याला शेजाऱ्याशी अधिक न्यायाने वागायला लावते, तिथून मुंग्यांतूनच का येईना, येणारं जपावं.

तेव्हा कोरगावच्या देऊळवाड्यावर कमळेश्वरापुढे उभा राहणारा, मक्केची दिशा धरून नमाज पढणारा आणि वेदीकडे बघत गुडघे टेकणारा, या तिघांना मी एकच सांगेन. आपली दिशा पूर्ण मनाने धरा. अर्धवट फिरवलेल्या अँटेन्यावर काहीच येत नाही, आणि सगळ्या दिशा सारख्याच म्हणत कुठेच न वळणारा उदार दिसतो खरा, पण त्याच्या पदरात काही पडत नाही. आपण कशाकडे पाठ केली आहे याचा हिशेब ठेवा, कारण दिशेचं निम्मं पुण्य तिथे आहे. खालून येणारा आवाज ऐकत राहा. आणि शेजारच्या घरावर चढून त्याचा पाइप आपल्या कोनाला आणायला जाऊ नका. त्याचं घर आपल्या जागेवर नाही. ज्याला देवाच्या सर्वव्यापित्वाची खरोखर खात्री आहे, त्याला दुसऱ्याच्या दिशेची धास्ती वाटण्याचं काहीच कारण नाही.